भाडं म्हणजे कुठलं भाडं?

या खेपेला टपालात आणि मेलवर एकच विषय आहे: धंद्याच्या नोंदी एआयकडून खात्याला लावून घ्याव्यात का. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सीए नाही, कर सल्लागार आहे. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मी गेली ३१ वर्षं हिशोब लिहिते, आधी वहीत, मग टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या दीड वर्षापासून एआयही वापरते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

प्रश्न : ताई, आमची कराडला बेकरी आहे. मी आणि मिस्टर दोघं बघतो. जीएसटी नोंदणी आहे. महिन्याला बँकेत दोनशेच्या वर नोंदी होतात, बहुतेक यूपीआय. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट अकाउंटंटना देतो आणि ते फोन करकरून 'हे कशाचे, ते कशाचे' विचारतात. या वेळी मुलाने ऑक्टोबरचं स्टेटमेंट एआयला दिलं. दहा मिनिटांत सगळ्या नोंदी खात्यांनुसार लागून आल्या, बेरजेसकट. अकाउंटंट म्हणतात, 'हे मी घेणार नाही.' तक्ता सोबत पाठवते. ते काम जाईल म्हणून अडवतायत, की खरंच काही चुकलंय? – एक वाचक, कराड

तुमचा तक्ता घेऊन मी रविवारी जेवणं झाल्यावर बसले. २१२ नोंदी. शंका आलेल्या ओळींबद्दल तुमच्या मिस्टरांना फोन केला, त्यांनी वही काढून एकेक सांगितलं. १९ नोंदी चुकल्यात. म्हणजे शंभरातल्या नऊ. खरं सांगू का, माझ्याकडे पहिल्या महिन्यात आलेल्या कुठल्याही पोराने इतक्या नोंदी बरोबर लावल्या नाहीत. पण पोरगं अडलं की मान वर करून विचारतं, 'मॅडम, हे कशाला टाकू?' तुमच्या २१२ ओळींत एकाही ओळीपुढे प्रश्नचिन्ह नाही. जे येत होतं ते आणि जे येत नव्हतं ते, दोन्ही सारख्याच रुबाबात लिहिलंय.

३ ऑक्टोबरला ₹१२,००० गेले, शेरा 'भाडे'. ८ तारखेला ₹१,८०० गेले, शेरा 'भाडे'. एआयने दोन्ही 'दुकान भाडे' खात्याला टाकले. पहिलं बरोबर. दुसरं मैद्याची पोती घेऊन येणाऱ्या टेम्पोचं. आपल्याकडे घराचंही भाडं, टेम्पोचंही भाडं, मंडपाचंही भाडंच. आपल्या माणसाला रक्कम आणि नाव बघून कळतं. मशीनला शेऱ्यातला शब्द दिसतो, आणि त्या शब्दाला सगळ्यात जास्त वेळा जे खातं लागतं ते लावून ते मोकळं होतं. तुमच्या टेम्पोच्या महिन्याला सहा खेपा होतात. म्हणजे महिन्याचे ₹१०,८००, वर्षाचे ₹१,२९,६००. टेम्पोभाडं माल आणायचा खर्च, ते ट्रेडिंग खात्यात बसतं. दुकानभाडं खाली नफा-तोट्यात. निव्वळ नफा तोच राहतो, पण ढोबळ नफा तेवढ्याने फुगतो. पुढच्या वर्षी कुणी ही आदलाबदल दुरुस्त केली, की ढोबळ नफा एकदम पडलेला दिसतो आणि बँकेचा माणूस विचारतो, 'धंद्याला काय झालं?' धंद्याला काहीच झालेलं नसतं.

हे झालं किरकोळ. आता १४ तारखेचे एक लाख बघा. तुमच्या सासऱ्यांच्या खात्यातून आलेत, शेऱ्यात इंग्रजी अक्षरांत 'उसने' लिहिलंय. तक्त्यात ते 'ग्राहकांकडून जमा – विक्री'. हातउसने घेतलेले पैसे विक्री धरले, तर पाच टक्क्यांनी त्यातला ₹४,७६२ जीएसटी भरावा लागला असता, आणि वर आयकराला उरलेल्या ₹९५,२३८ चं उत्पन्न वाढलं असतं. तसंच १६ तारखेला गल्ल्यातले ₹५०,००० तुम्ही बँकेत भरलेत. तेही विक्री! ती विक्री तुमच्या रोजमेळात आधीच लिहिलेली आहे. गल्ल्यातून बँकेत गेलेल्या पैशाला कॉन्ट्रा म्हणतात. टॅलीत त्यासाठी वेगळं बटण आहे, एफ-४. एका खिशातून दुसऱ्या खिशात, बस्स.

ओव्हनच्या कर्जाचा हप्ता ₹२४,३१०. एआयने सगळा 'व्याज' खात्याला टाकला. तुमच्या मिस्टरांनी कर्जखात्याचा उतारा पाठवला, त्यात व्याज ₹८,९४० आणि मुद्दल ₹१५,३७०. मुद्दल हा खर्च नव्हे, तेवढं कर्ज कमी होतं. ही फोड बँकेच्या चालू खात्याच्या स्टेटमेंटमध्ये कधीच नसते, त्यामुळे मशीनला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला उताराच दिला नव्हता.

कार्डाच्या मशीनचंही असंच. एका दिवशी ₹१८,४०० ची कार्डं घासली गेली. दीड टक्का कमिशन ₹२७६, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹४९.६८, आणि खात्यात आले ₹१८,०७४.३२. तक्त्यात विक्री म्हणून १८,०७४.३२ च धरलेत. विक्री १८,४०० ची झाली, कमिशन हा खर्च आहे आणि त्या ४९.६८ चं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट. एका वेळचे थोडेच. पण जीएसटीच्या विवरणपत्रात विक्री एक आणि बिलबुकात दुसरी, असं वर्षभर चाललं की नोटीस यायला वेळ लागत नाही.

आणि मुलाच्या शाळेची फी ₹१८,५०० धंद्याच्या खात्यातून भरलीत, ती एआयने 'कर्मचारी प्रशिक्षण' ला लावली. मी एकटीच बसून हसले. ती तुमची घरखर्चाची उचल आहे, भांडवलातून वजा होते.

पण तुमच्या अकाउंटंटनी खरं कशासाठी नकार दिला असेल, याचा माझा अंदाज सांगते. तक्त्याच्या शेवटी 'जीएसटी क्रेडिट' म्हणून एक रकाना आहे. तुमच्या मुलाने मागितलाही नसेल. प्रत्येक खर्चातून एआयने आपल्या मनाने कर काढून दाखवलाय. त्या रकान्याला सरळ कात्री लावा. बँकेचं पान म्हणजे बिल नव्हे. क्रेडिट मिळतं ते पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवलं आणि ते दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होणाऱ्या २-बी या क्रेडिटच्या उताऱ्यात तुमच्या नावावर दिसलं तर. टेम्पोवाल्याकडे नोंदणी नाही, दूधवाल्याकडे नाही, त्यांच्या नावाने क्रेडिट कुठून आणणार? शिवाय लोणी आणि तुपावर त्याने १२ टक्क्यांनी कर काढलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. केक-बिस्किटंही त्याच दिवसापासून १८ वरून ५ वर आली. एआयच्या डोक्यात जुने दर घट्ट बसलेले असतात. सांगितलं की 'क्षमस्व' म्हणून लगेच बदलतो, पण सांगायला आधी आपल्याला माहीत हवं. त्यात तुमचा पाव करमुक्त आणि केकवर कर. म्हणजे दोन्हीसाठी मिळून झालेल्या खर्चाच्या क्रेडिटमधला पावाचा वाटा सोडावा लागतो. यातलं काहीही बँक स्टेटमेंट वाचून कळत नाही.

आणखी एक, जे तुमच्या लक्षात आलं नसेल. मैद्याच्या व्यापाऱ्याला महिन्यात नऊ वेळा पैसे गेलेत. सहा वेळा 'कच्चा माल', दोनदा 'किराणा', एकदा 'किरकोळ खर्च'. एकच माणूस, एकच मैदा. स्टेटमेंट तुकड्यातुकड्याने दिलं की असं होतं, प्रत्येक तुकड्याला तो नव्याने विचार करतो. खालची बेरीज पैशापर्यंत जुळते म्हणून आपण खूश. बेरीज तर सगळे पैसे 'किरकोळ' मध्ये टाकले तरी जुळेल.

आता करायचं कसं ते सांगते, कारण सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. अकाउंटंटनी 'घेणार नाही' म्हणण्याऐवजी 'असं करून आणा' म्हणायला हवं होतं.

वडिलांच्या कीर्दीत शेवटचं पान कायम कोरं असायचं. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती तिथे पेन्सिलीने लिहायची, वर शीर्षक 'शेठना विचारणे'. संध्याकाळी सौदे आटोपले की शेठ गादीवर टेकायचे आणि वडील एकेक ओळ वाचायचे. 'हे चारशे कुणाचे?' 'तोलाईचे.' पेन्सिल खोडायची, शाईने खतावणीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यात. टॅलीत सस्पेन्स नावाचा गट तयारच मिळतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुस्तकात त्या गटाखाली 'विचारणे' नावाचं खातं उघडते. एआयशी काम करताना सगळी मदार त्या खात्यावर आहे.

मी एआयला जे लिहिते ते इथे जसंच्या तसं देते. मी त्याला तू म्हणते, तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

'सोबत माझ्या ३८ खात्यांची यादी आहे. याच यादीतलं खातं वापर, नवं काढू नकोस. सोबत मागच्या वर्षीच्या तपासून पक्क्या झालेल्या नोंदी आहेत, त्यात ज्या नावाला जे खातं लागलंय तेच लाव. नाव नवं असेल, शेऱ्यात नुसतं भाडे, उसने, अॅडव्हान्स किंवा फक्त माणसाचं नाव असेल, किंवा आलेली रक्कम ₹२५,००० च्या वर असेल, तर खातं "विचारणे" लाव आणि मालकाला विचारायचा प्रश्न एका ओळीत लिही. प्रत्येक नोंदीपुढे ते खातं का लावलंस ते चार शब्दांत लिही. बेरीज करू नकोस. जीएसटी काढू नकोस.'

या एवढ्याने तुमचे १९ दोन-तीनवर येतील. पण 'विचारणे' मध्ये पंचवीस-तीस नोंदी पडतील आणि मुलगा म्हणेल, 'आधीचं बरं होतं, सगळं करून द्यायचा.' म्हणू दे. ते तीस प्रश्न एकत्र छापून रात्री दुकान बंद करताना मिस्टरांसमोर ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे. अकाउंटंट तीन महिन्यांनी फोन करून हेच विचारत होते, फक्त तोवर तुम्ही विसरलेले असायचा.

बेरीज एक्सेलमध्ये घ्या. सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे (म्हणजे गेलेले), बरोबर अखेरची शिल्लक. आणि ओळी मोजा. पीडीएफमध्ये लांब शेरा दोन ओळींत मोडला की एखादी नोंद गळते किंवा एकीच्या दोन होतात. नेट बँकिंगवरून एक्सेल फाइल उतरवता येत असेल तर पीडीएफच्या वाटेला जाऊच नका. फाइल चढवण्याआधी खातेक्रमांक, पॅन, पत्ता असलेला वरचा भाग पुसून टाका. आणि टॅलीत नोंदी आत घ्यायच्या त्या आधी पुस्तकाची प्रत काढून त्या प्रतीत. मूळ पुस्तकात थेट कधीही नाही. दोनशे नोंदी चुकीच्या तारखेला जाऊन बसल्या की निस्तरायला अख्खा दिवस जातो. माझा गेलाय.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून तर ज्यांचे यूपीआय आयडी ठरलेत त्यांना एआय लावूच नका. मैदावाला, टेम्पोवाला, वीज, भाडं, पगार. एक्सेलमध्ये आयडीपुढे खातं लिहून ठेवा, व्हीलुकअप हे आयडीवरून खातं शोधून आणणारं सूत्र लावा. ते दर वेळी तेच उत्तर देतं. उरलेल्या चाळीस-पन्नास अनोळखी नोंदी तेवढ्या एआयकडे. आणि मिस्टरांना सांगा, पैसे पाठवताना शेऱ्यात 'भाडे' ऐवजी 'टेम्पो मैदा' लिहा. दोन-चार अक्षरं जास्त, फुकट.

प्रश्न : हमाली रोखीने द्यावी लागते, पावत्या राहत नाहीत. एआय मागच्या तारखांची, दहा हजारांच्या आतली व्हाउचर झटपट तयार करून देतो असं ऐकलं. चालेल का? – व्यापारी, जिल्हा सांगली

नाही.

एका माणसाला एका दिवसात ₹१०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकराला धरत नाहीत, वाहतूकदारासाठी मर्यादा ₹३५,००० आहे, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच विचारताय. रक्कम तोडून चार कागद केले तरी दिवस आणि माणूस तोच राहतो. आणि चाळीस व्हाउचरं एकाच साच्यातल्या गुळगुळीत मराठीत लिहिलेली, तीही मार्केट यार्डातली! हमालांच्या मुकादमाची सही घेतलेला मळका कागद त्यापेक्षा शंभर पटींनी भारी. तो रोजच्या रोज घ्या.

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात कामाला आहे. बी.कॉम. झालंय, वय २४. दिवसभर १४ यंत्रमागवाल्यांच्या नोंदी टॅलीत मारते. सरांनी आता एआयवाली सोय घेतलीय. खोटा धीर देऊ नका, माझं काम राहणार आहे का? – नाव नको

नोंदी मारायचं काम कमी होणार. माझ्याच ऑफिसात दर मार्चला दोन महिन्यांसाठी एक जादा मुलगी घ्यायचे, गेल्या मार्चला घेतली नाही. तुम्ही खोटा धीर नको म्हणालात म्हणून हे आधी सांगितलं.

आता तुमच्याच गावातली एक नोंद घेऊ. मागवाल्याने सूतवाल्याचं कापड विणून दिलं, मजुरीचं बिल ₹४०,०००, जीएसटी ५ टक्के ₹२,०००, एकूण ₹४२,०००. बँकेत आले ₹४१,६००. एआयला बिल आणि स्टेटमेंट दोन्ही दिलं, तर तो मोठ्या हुशारीने जोडी जमवतो आणि उरलेले ₹४०० 'दिलेली सूट' ला टाकून खातं शून्य करतो. दिसायला सुरेख. ते ४०० म्हणजे समोरच्याने मजुरीवर कापलेला एक टक्का टीडीएस आहे. सूट म्हणून गेले की वर्षाअखेर ते २६एएस (कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा उतारा) मधून कुणी मागत नाही आणि मागवाल्याचे पैसे सरकारकडेच राहतात. वर्षाला अशी साठ बिलं असली तर ₹२४,०००. तुमच्या सरांना ही गोष्ट कोण सांगणार? नोंद मारणाऱ्या बोटांना ती दिसत नाही. पण तुम्ही १४ जणांच्या नोंदी हाताने मारल्यात, म्हणून कुठला व्यापारी कापतो आणि कुठला नाही हे तुम्हाला पाठ आहे. ते लिहून काढा, गिऱ्हाइकागणिक एक पान. या आठवड्यातच. २-बी जुळवणी आणि २६एएस जुळवणी सरांकडून मागून घ्या, नाही म्हणणार नाहीत, कुणालाच आवडत नाही ते काम. आणि मालकांना फोन करायची लाज सोडा. मला सुरुवातीला फार वाटायची, सौदा चालू असताना बाईमाणसाने 'हे दीडशे कशाचे' म्हणून विचारायचं म्हणजे.

पगारवाढ मात्र त्या पानांसकट मागा, त्याआधी नको.

प्रश्न : आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीत मेंटेनन्स थेट बँकेत जमा होतो. निम्मे लोक शेऱ्यात फ्लॅट नंबर लिहीत नाहीत. एआयकडून जुळवून घेता येईल का? सभासदांची नावं देणं योग्य का? – सचिव, ठाणे

जुळवणीत एआय खरंच चांगला आहे, धंद्याच्या खात्यांपेक्षा इथे जास्त. पण नावं आणि मोबाइल नंबर देऊ नका. सभासदांनी तुम्हाला ते सोसायटीसाठी दिलेत. नावाच्या जागी आधी फ्लॅट नंबर टाका, मागच्या १२ महिन्यांत कुठल्या खात्यातून कुठल्या फ्लॅटचे पैसे आले तो तक्ता घरीच बनवा, त्यातच तीन चतुर्थांश सुटेल. ज्यांची रक्कम सारखी आणि नाव नाही त्यांना एआयनेही अंदाजानेच लावलेलं असतं. अंदाजाने एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर गेली तर पुढच्या सर्वसाधारण सभेत काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा बँकेला विचारा, बऱ्याच बँका प्रत्येक फ्लॅटला वेगळा आभासी खातेक्रमांक देतात. मग एआय नको नि तुम्हीही नको.

प्रश्न : चिपळूणला माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. उलाढाल ४० लाख. अनुमानित पद्धतीने कर भरतो. मला या सगळ्याची गरज आहे का? – वाचक, चिपळूण

फारशी नाही. अनुमानित पद्धतीत उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून, यूपीआयने आलेल्या उलाढालीवर ६ टक्के नफा धरायचा. खर्चाची वर्गवारी कुणी मागत नाही. तुम्हाला फक्त जमेची बाजू नीट हवी: विक्री किती, त्यात रोख किती आणि बँकेतून किती, आणि विक्री नसलेलं काय काय आलं. भावाने पाठवलेले, एफडी मोडलेली, विम्याचे, भिशी उचललेली. नेमकं यातच एआय घसरतो, कारण त्याला आलेला प्रत्येक पैसा गिऱ्हाइकाचा वाटतो. भिशी त्याला कळतच नाही. एकाने मला दाखवलं, एआयने 'भिशी' हे पुरवठादाराचं नाव समजून त्यापुढे 'माल परतावा' लिहिलं होतं. तर खर्चाची बाजू त्याला देऊच नका. जमेची द्या, आणि वर दिलेली 'विचारणे' ची अट घाला. जीएसटीची नोंदणी असेल तर खरेदीची बिलं सांभाळावी लागतातच, तो वेगळा विषय.

प्रश्न : ताई, दर वेळी दुसऱ्यांच्या चुका सांगता. एआय वापरताना तुमची स्वतःची फजिती कधी झाली नाही का? – वाचक, फोंडा

झाली. एका हळदीच्या छोट्या व्यापाऱ्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका शीतगृहाला ₹८६,००० दिले. एआयने सुचवलं, 'शीतगृह भाडे'. मी मान डोलावली. का नाही डोलावणार? हळदीची पोती शीतगृहात ठेवतात, त्याचं भाडं देतात, हे मी लहानपणापासून बघत आले. एआय नसता तर नवं नाव आणि मोठी रक्कम बघून मी पेन्सिल उचलली असती. समोर उत्तर तयार, तेही माझ्या मनातलंच, म्हणून उचलली नाही. खर्च टाकला, विवरणपत्र भरलं.

ऑक्टोबरमध्ये त्याच शीतगृहाकडून ₹८६,००० परत आले. एआय म्हणाला, 'इतर उत्पन्न'. आकडा तोच बघून मी थांबले आणि शेठना फोन लावला. 'अहो, ते डिपॉझिट होतं. जागा सोडली, परत दिलं त्यांनी.' म्हणजे मी डिपॉझिट खर्चात टाकून अख्ख्या वर्षाचा नफा ८६,००० ने कमी दाखवला होता, आणि आता तेच पैसे उत्पन्न म्हणून घेणार होते. डिसेंबर संपायच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं. फरकाचा कर शेठनी भरला, त्यावरचं व्याज मी. ते नको म्हणत होते, पण ती नोंद माझ्या सहीने गेली होती. तेव्हापासून नव्या पार्टीची रक्कम, एआय कितीही छातीठोक सांगो, आधी 'विचारणे' मध्ये जाते.

त्या शेठच्या पुस्तकात आज 'विचारणे' खात्यात सात नोंदी आहेत. ३१ मार्चच्या आत सगळ्या निघायला हव्यात. सहा निघतील. सातवी आहे २६ ऑगस्टची, ₹५०१, शेरा 'बाळू'. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, म्हणून एआय म्हणतो 'वर्गणी'. शेठच्या ओळखीत तीन बाळू आहेत. एक हमाल, एक मेहुणा, एक चहावाला. तिघांनाही विचारून झालं. तिघेही म्हणतात, आम्हाला मिळाले नाहीत.